मी या माणसाला ओळखतो

यंदाचा हंगाम वाईट गेला. मक्याचा म्हणत नाही मी, मका बरा झाला. उमेदवारांचा हंगाम वाईट गेला.

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, याचा पहिला कौल आम्ही आयोवावाले देतो. त्यामुळे ही मंडळी बर्फ पडायच्या आधीपासून आमच्या न्यू हार्लिंगनमध्ये चकरा मारायला लागतात. बेकरीत शिरतात, बदामाची पेस्ट्री तोंडात घालून ‘वा वा’ करतात, फोटो निघाला की उरलेली बशीत टाकून जातात. आमच्यासारख्या चर्चला जाणाऱ्यांची मतं हवीत, म्हणून प्रत्येकाच्या तोंडी बायबल. एका गव्हर्नरने तर शाळेच्या हॉलमध्ये भर सभेत सांगितलं, मोशेने जसे सगळे प्राणी नौकेत घेतले तसा मी सगळ्या अमेरिकेला बरोबर घेईन. शेजारी माझी मैत्रीण जोलीन बसली होती. ती माझ्या कानात म्हणाली, “लव्हॉन, नौकावाल्या नोहाला कळवा गं कुणीतरी, नोकरी गेली म्हणावं.”

दुसरा होता एक सिनेटर. गर्भपाताचा विषय निघाला तेव्हा पोटातल्या लेकरांबद्दल आमच्याकडे डोळ्यांत पाणी आणून बोलला, आणि पुढच्याच आठवड्यात पूर्वेकडच्या टीव्हीवर त्याच प्रश्नाला ‘विषय गुंतागुंतीचा आहे’ म्हणून बगल दिली. तिसरे डॉक्टर फ्लेक, लहान मुलांचे डॉक्टर. माणूस सरळ, बोलतो ते खरं, पण आवाज असा की वाचनालयातल्या सभेत माझा नवरा चक्क घोरायला लागला आणि मला त्याच्या पायावर पाय द्यावा लागला. अशा माणसाला देशभर कोण मतं देणार?

मला संताप यायचा तो एका गोष्टीचा. आम्ही फार काही मागत नव्हतो. देवाला भिऊन वागणारा, शब्द पाळणारा, आणि आम्हाला बावळट न समजणारा एक माणूस. एवढ्या मोठ्या देशात पक्षाला असा एक सापडू नये?

म्हणून नोव्हेंबरमध्ये चौथे उमेदवार वेस्ली थॉर्नबी आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा मला वाटलं, सापडला.

ते आमच्याचकडे का आले, हे उघड होतं. माझा नवरा व्हर्लिन चर्चचा एल्डर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी एक आहे. गेली कित्येक वर्षं चर्चमध्ये लोकांच्या वतीने प्रार्थना करायला तोच उभा राहतो. तो एखाद्याबद्दल चांगलं बोलला की आमच्या प्रभागातली निम्मी मतं त्या बाजूला जातात. हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

थॉर्नबींनी ओव्हनमध्ये भाजलेला माझा बटाट्याचा कॅसरोल दोनदा मागून घेतला. जेवणाआधीची प्रार्थना स्वतः केली, आणि ती अशी केली की मी डोळे उघडायला विसरले. मग त्यांची नजर फ्रिजवरच्या फोटोकडे गेली. “हा मुलगा कोण?”

तो आमचा केंट. डेन्व्हरला असतो. बापलेकांत एकदा असं काही वाजलं की केंट दार आपटून गेला तो परत आला नाही. चर्चही सोडलं असं कानावर होतं. मी चोरून फोन करायची. व्हर्लिनने मात्र त्या दिवसापासून त्याचं नाव टाकलं. तीनही वेळच्या जेवणाला आमच्याकडे प्रार्थना होते. तीत गावातल्या आजाऱ्यांची नावं यायची, जोलीनच्या मांजराचंसुद्धा एकदा आलं, केंटचं कधी नाही.

थॉर्नबींनी माझा हात हातात घेतला. त्यांचा एक डोळा भरून आला. म्हणाले, “केंटचं नाव मी रोज रात्री देवापुढे घेईन.”

दुसऱ्या दिवशी न्याहारीला व्हर्लिनने हात जोडले, नेहमीचं सगळं म्हटलं, आणि आमेनच्या आधी घोगऱ्या आवाजात म्हणाला, “आणि केंटला सांभाळ.” माझा टोस्ट जळून कोळसा झाला. मी तो लोणी लावून खाल्ला. त्यानंतर रोज त्याचं नाव यायला लागलं.

मग थॉर्नबींच्या प्रचार कचेरीतून शेल्बी नावाच्या बाईंचा फोन आला. जानेवारीत कॉकस होईल, सगळे शेजारीपाजारी एकत्र जमून मत देतील, त्याआधी प्रत्येक उमेदवारासाठी गावातलंच कुणीतरी दोन शब्द बोलेल. तर थॉर्नबी साहेबांसाठी व्हर्लिन बोलतील का? व्हर्लिनने माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात मान डोलावली. तो हो म्हणाला.

आता डिसेंबरचं ऐका. शेजारच्या गावात डुक्करपालकांची न्याहारी होती, थॉर्नबी यायचे होते. व्हर्लिनला काम होतं, म्हणून मी आणि जोलीन गेलो. मी आपली पॅनकेकची बशी घेऊन त्यांना भेटायला रांगेत उभी. माझ्या पुढे एक बाई होती, तिचा मुलगा ट्रॉय तुरुंगात होता. थॉर्नबींनी तिचा हात हातात घेतला. तोच डोळा भरून आला. “ट्रॉयचं नाव मी रोज रात्री देवापुढे घेईन.”

मी मनाला समजावलं, असेल बाई, मोठ्या मनाचा माणूस असेल. तेवढ्यात माझी पाळी आली. चेहरा त्यांनी ओळखला, तेवढं श्रेय मी देते.

“लव्हॉन! काय तो कॅसरोल! आणि आपला कर्टिस कसा आहे?”

“कोण?”

“कर्टिस. रोज रात्री त्याचं नाव घेतो मी.”

“बरा आहे,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हातात पॅनकेक होते.

गाडीत जोलीन भडकली होती. “आजच्या आज व्हर्लिनला सांग! तो त्या ढोंग्यासाठी भाषण करायला निघालाय!”

“तू एक शब्द बोललीस तर बघ,” मी म्हटलं.

“अगं पण का?”

का ते मी तिला सांगितलं नाही. मला भीती वाटत होती. थॉर्नबींच्या त्या एका वाक्यामुळे व्हर्लिनच्या तोंडी पोराचं नाव परत आलं होतं. ते वाक्यच खोटं निघालं म्हटल्यावर नावही पुन्हा जाईल, आणि या खेपेला कायमचं जाईल. एका बाजूला व्हर्लिन, ज्याने आयुष्यात साधं डुक्कर विकतानाही वजन वाढवून सांगितलं नाही, तो सगळ्या गावापुढे उभा राहून एका भोंदू माणसाची ग्वाही देणार. दुसऱ्या बाजूला केंट. मी केंटला निवडलं आणि गप्प बसले. सुखाने बसले असं मात्र नाही. रात्री कूस बदलून बदलून चादरीचा बोळा व्हायचा.

शेल्बीबाईंनी भाषण लिहूनच पाठवलं होतं. सुरुवात अशी: ‘मी या माणसाला ओळखतो.’ व्हर्लिन स्वयंपाकघरात ते मोठ्याने वाचायचा. पहिल्याच वाक्याला त्याला खोकला यायचा. पाणी पिऊन पुन्हा सुरू करायचा, पुन्हा खोकला. मला वाटलं, सभाधीटपणा नाही म्हणून. चर्चमध्ये मात्र हाच माणूस शेकडो लोकांपुढे अडखळत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

कॉकसच्या संध्याकाळी अशी थंडी होती की नाकातला श्वास गोठत होता. आमच्या प्रभागाची बैठक आमच्याच चर्चच्या तळघरात असते. त्याच घडीच्या खुर्च्या, कॉफीचं तेच मोठं भांडं, आणि पुढे तेच जुनं लाकडी स्टँड, जिथे उभं राहून व्हर्लिन दर सामुदायिक जेवणाच्या आधी प्रार्थना करतो. अध्यक्ष होता डार्विन कूयमन. नाव डार्विन असलं तरी देवाने सहा दिवसांत सृष्टी केली यावर त्याच्याशी कुणी वाद घालू नये. वेळ मोजायला त्याने चर्चच्या स्वयंपाकघरातलं अंड्याच्या आकाराचं घड्याळ आणलं होतं, केक भाजताना लावतात ते.

“प्रत्येकाला तीन मिनिटं,” डार्विन म्हणाला. “घंटी वाजली की खाली बसायचं. गेल्या वेळी हार्लनने गुऱ्हाळ लावल्यासारखं—” मग त्याला हार्लन पुढेच बसलेला दिसला. “असो.”

गव्हर्नरसाठी हार्लन बोलला. नौकेचा विषय त्याने टाळला. सिनेटरसाठी एक तरुण शिक्षिका बोलली. जोलीन डॉक्टर फ्लेकसाठी उभी राहिली आणि म्हणाली, “माणूस कंटाळवाणा आहे, मला मान्य आहे. पण माझा नवरासुद्धा कंटाळवाणा आहे आणि आमचं छान चाललंय.” तिला घंटीची गरज पडली नाही.

मग डार्विनने व्हर्लिनचं नाव पुकारलं.

मी माझ्या रांगेत पेपरमिंटच्या गोळ्या फिरवल्या. आमच्याकडे प्रवचन सुरू झालं की फिरवतात, हाताला सवय आहे. व्हर्लिन पुढे गेला. दाराशी शेल्बीबाई उभ्या होत्या. त्या खास राजधानीहून, डेस मॉइनहून आल्या होत्या. त्यांनी अंगठा उंचावून दाखवला. व्हर्लिनने डोक्यावरची टोपी काढली. खिशातून कागद काढून स्टँडवर पसरला. चष्मा लावला. मग धीर गोळा करायला म्हणून त्याने क्षणभर डोळे मिटले.

आणि तिथेच घोटाळा झाला. व्हर्लिन, ते स्टँड, काढलेली टोपी आणि मिटलेले डोळे, एवढं दिसल्यावर आमच्या लोकांना दुसरं काही सुचत नाही. अख्ख्या तळघराने माना खाली घातल्या. खुर्च्या करकरल्या, टोप्या उतरल्या, हात जोडले गेले. डार्विनने घड्याळासकट हात जोडले. शेल्बीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांनीही मान खाली घातली.

व्हर्लिनने डोळे उघडले तर समोर सगळी टाळकी. माझा एक डोळा उघडा होता, म्हणून मला त्याचं तोंड दिसलं. तो कागदाकडे पाहत होता. मग त्याने चष्मा काढला, कागदावर ठेवला आणि हात जोडले.

“प्रभू,” तो म्हणाला. खोकला आला नाही. “बाहेर फार थंडी आहे. सगळ्यांच्या गाड्या सुरू होऊ देत.” ही त्याची हिवाळ्यातली नेहमीची सुरुवात. “वेस्ली थॉर्नबी यांच्यासाठी मी इथे उभा आहे.”

शेल्बीबाई मान खाली ठेवूनच हसल्या.

“ते आमच्या घरी जेवले. या कागदावर लिहिलंय, मी या माणसाला ओळखतो. लोकांपुढे मी हे कसंबसं म्हटलंही असतं. तुझ्यापुढे म्हणवत नाही. मी त्यांना ओळखत नाही, प्रभू. एकदा जेवलो बरोबर, एवढंच. आणि जेवणानंतर ते अंगणात फोनवर जे बोलले ते मी शेडच्या कोपऱ्यावरून ऐकलं. ते इथे बोलत नाही. तूही ऐकलंच असशील.”

कुणीतरी हसू दाबलं. माझे दोन्ही डोळे उघडे होते आता. काय ऐकलं होतं यानं?

“इतकी वर्षं या माणसांपुढे मी तुझं नाव घेतलं. त्याच तोंडाने यांना खोटी ग्वाही कशी देऊ? मी शब्द दिला होता, तो मोडतोय. क्षमा कर. थॉर्नबींचंही भलं कर, फार दमलेले दिसतात. खरं सांगायचं तर यंदा मला कुणीच पसंत नाही, प्रभू. तुला माहीतच आहे.”

“आमेन!” मागून हार्लन मोठ्याने म्हणाला, गव्हर्नरसाठी भाषण करून बसलेला हार्लन. मग आणखी दोघेतिघे म्हणाले.

इतक्यात घंटी वाजली. आमच्याकडे चालू प्रार्थनेत माणसं शिंक दाबून धरतात. डार्विनने घड्याळ कोटात गुंडाळलं, तरी ते वाजतच होतं. शेवटी बिचारा त्याच्यावर बसला. व्हर्लिनने पापणीसुद्धा हलवली नाही.

“अजून एकच,” तो म्हणाला. “ज्याला ओळखत नाही त्याच्यासाठी भाषण करायला आलोय, आणि ज्याला जन्मल्यापासून ओळखतो त्याला साधा फोन करत नाही. आमचा केंट. त्याला सांभाळ. मला अक्कल दे. आमेन.”

“आमेन,” सगळं तळघर म्हणालं, आणि डोक्यावरून मोळी उतरवल्यासारखा सगळ्यांनी श्वास सोडला. जोलीन हुंदके देत होती आणि पेपरमिंट चघळत होती. शेल्बीबाई फोन घेऊन जिन्याने वर गेल्या.

“हे भाषण धरायचं की प्रार्थना?” डार्विनने घड्याळ चाचपत विचारलं.

“तू आधी चिठ्ठ्या वाट,” हार्लन म्हणाला.

कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. आमच्याकडे वाटेल ते नाव लिहिता येतं. मी थॉर्नबी लिहिणार होते, व्हर्लिनची लाज राखायला म्हणून. आता ती अडचणच मिटली होती. मी मजेत लिहिलं: डॉक्टर फ्लेक. कंटाळवाणा तर कंटाळवाणा.

डार्विनने सगळ्यांसमोर चिठ्ठ्या मोजल्या. आमच्या प्रभागात फ्लेक पहिले आले, जे बाकी आयोवात कुठेही झालं नसेल. थॉर्नबी गव्हर्नरच्याही मागे पडले. आणि काही चिठ्ठ्यांवर व्हर्लिनचंच नाव निघालं. डार्विन त्या नाइलाजाने वाचत होता आणि व्हर्लिनचे कान लाल होत होते. त्यांत माझी चिठ्ठी नव्हती. मी त्याच्याबरोबर संसार केलाय.

गाडी एका झटक्यात सुरू झाली. मग मीच विचारलं, “फोनवर काय बोलला तो?”

“जाऊ दे.”

“व्हर्लिन.”

त्याने गाडी हळू केली. “म्हणाला, ‘पोरगं दुरावलेलं घर आहे. असली घरं पटकन वळतात.’”

मी त्या थॉर्नबीला जे म्हटलं ते एल्डरच्या बायकोने म्हणायचं नसतं. व्हर्लिनने ऐकलं नाही असं दाखवलं. मग मी त्याला कर्टिसची गोष्ट सांगितली. तो हसायला लागला. “कर्टिस! ‘क’ तेवढा बरोबर लागला म्हणायचा. मग? मला का नाही सांगितलंस?”

“तू केंटचं नाव घ्यायला लागला होतास. म्हटलं, खरं कळलं तर थांबशील.”

“म्हणजे? मला तर त्याच रात्री कळलं होतं तो कसा आहे.”

“आणि तरी सकाळी नाव घेतलंस?”

“म्हणून तर घेतलं,” तो म्हणाला. “तो मतांसाठी का होईना, माझ्या पोराचं नाव घेत होता. मी तर कशासाठीच घेत नव्हतो. लाज वाटली गं.”

मी त्याच्या कोटाची बाही धरली. मग आठवलं. “अरे, पण मग भाषणाला हो कशाला म्हणालास?”

“तू त्या रात्री गाणं म्हणत भांडी घासत होतीस,” तो म्हणाला. “किती वर्षांनी. म्हटलं, हिला तो माणूस आवडलाय, कशाला बिघडवा.”

अख्खा डिसेंबर! दोघेही एकाच ढोंग्याला मनातल्या मनात शिव्या देत एकाच पलंगावर जागे, आणि दोघेही एकमेकांसाठी त्याची तारीफ करत होतो. मी इतकी हसले की काच धुरकटली आणि व्हर्लिनला गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसता मला रडू आलं. पण बरं वाटत होतं, दुखरा दात निघाल्यावर वाटतं तसं. उमेदवार होते तसेच टाकाऊ होते, येत्या नोव्हेंबरमध्ये खऱ्या निवडणुकीत कुणाला तरी नाक धरून मत द्यावं लागणारच होतं. पण आमच्या घरात त्या माणसाचं आता काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर व्हर्लिनने कोटही काढला नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनपाशी गेला आणि म्हणाला, “नंबर सांग. मला माहितीय, तू चोरून फोन करतेस ते.”

मी सांगितला. त्याने एकेक आकडा बोटाने दाबला. पलीकडे रिंग जात होती, ती मलाही ऐकू येत होती. मी कॉफीचं भांडं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

“हॅलो?” केंटचा आवाज. “हॅलो, कोण बोलतंय?”

व्हर्लिनला खोकला आला. पाणी हाताशी नव्हतं, मी भांडंच पुढे केलं. त्याने ते नको म्हणून हात हलवला.

“मी बोलतोय,” तो म्हणाला. “आवाज ओळखलास का रे?”

मला वाटलं, ठेवला फोन.

“ओळखला, बाबा,” केंट म्हणाला.

व्हर्लिन भिंतीला टेकून उभा राहिला. मी खुर्ची ओढून त्याच्या मागे सरकवली, म्हणजे त्याला बसून बोलता येईल.